निजायला गुहा, चरायला आभाळ

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात, म्हादई नदी जिथून गोव्याच्या दिशेनं उतरू लागते, त्या दाट रानात तळेवाडी नावाचं लहानसं गाव आहे. गावाजवळच्या बारापेडे गुहेच्या छताला एक वटवाघूळ लटकतं. १९१३ साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या ओल्डफील्ड थॉमस या प्राणिशास्त्रज्ञानं त्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं. त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षं साऱ्या जगाला हा प्राणी ठाऊक होता तो या एकाच पत्त्यावर. दुसरी गुहा नाही, दुसरा डोंगर नाही. सगळ्या पृथ्वीवर एकच छत आणि त्याला बिलगलेली, डझनांत मोजावी एवढी एक वसाहत.

पुढे मेघालयातल्या गुहांत आणि कंबोडियातही ते सापडलं, तेव्हा अभ्यासकांनी सुटकेचा श्वास सोडला. पण सह्याद्रीपुरतं बोलायचं, तर बारापेडेचं महत्त्व त्यामुळे कणभरही कमी झालेलं नाही.

हा शोध लागला त्या काळात बेळगाव मुंबई इलाख्यात होतं. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं लोकवर्गणीतून सस्तन प्राण्यांचं एक प्रचंड सर्वेक्षण हाती घेतलं होतं. संग्राहक गावोगाव हिंडत, नमुने गोळा करत आणि ते लंडनला पाठवत. तिथं त्यांची छाननी करणाऱ्यांत रॉबर्ट रॉटन होते. मुंबई इलाख्याच्या वनखात्यात उभी हयात घालवलेला हा माणूस निवृत्तीनंतर म्युझियममध्ये बसून आपल्या जुन्या रानातले उंदीर, चिचुंद्र्या आणि वाघळं ओळखत होता. थॉमस यांनी नव्या वटवाघळाला त्यांचंच नाव दिलं. आज आपण त्याला रॉटनचं मुक्तपुच्छ वटवाघूळ म्हणतो. मुक्तपुच्छ अशासाठी, की बहुतेक वटवाघळांची शेपटी दोन पायांमधल्या पडद्यात गुंडाळलेली असते. याची मात्र उंदरासारखी पडद्याबाहेर मोकळी सुटलेली असते.

दिसायला देखणा प्राणी आहे हा. अंगावर गडद चॉकलेटी, चमकदार केस. मानेवर आणि खांद्यांवर राखाडी-पांढऱ्या रंगाचा शेला पांघरल्यासारखा पट्टा. कान एवढे मोठे, की कपाळावर एकमेकांना जुळून टोपीच्या झडपेसारखे पुढे आलेले. आणि पंख लांब, अरुंद, टोकदार. या पंखांपाशी जरा थांबायला हवं, कारण हा प्राणी काय खातो, कसा बोलतो आणि निजतो कुठे, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं तिथूनच निघतात.

पाकोळी पक्षी पाहिलाय ना? विळ्याच्या पात्यासारखे पंख, सारा दिवस हवेत, आणि चुकून जमिनीवर पडली तर पुन्हा उडायची पंचाईत. लांब आणि अरुंद पंख वेगासाठी बनलेले असतात. त्यांच्या मालकाला जाळीत, झुडपांत, फांद्याफांद्यांतून वळणं घेता येत नाहीत. त्याला मोकळं आभाळ लागतं. रॉटनचं वटवाघूळ झाडांच्या शेंड्यांच्या वर, उघड्या हवेत वेगानं उडत शिकार करतं. आणि उड्डाण घ्यायचं तर आधी खाली झेप टाकायला जागा हवी. म्हणून त्याला अशी उंच गुहा लागते, जिच्या छताखाली मोकळी पोकळी आहे आणि जिचं तोंड कशानं बुजलेलं नाही. गुहेच्या तोंडाशी वेली माजल्या, किंवा कुणी लोखंडी जाळी बसवली, तर आपल्याला तो किरकोळ अडथळा वाटेल. याच्यासाठी मात्र घराचं दार बंद झालेलं असतं.

आता आवाज. वटवाघळं तोंडातून किंवा नाकातून आवाज काढतात आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून समोरचं जग ओळखतात, हे आज शाळकरी मुलांनाही माहीत असतं. ते सिद्ध व्हायला मात्र दीडशे वर्षं लागली. इटलीतल्या स्पालान्झानीनं १७९०च्या दशकात दाखवून दिलं होतं, की डोळे निकामी केलेलं वटवाघूळ बिनचूक उडतं आणि कान बुजवलेलं धडपडतं. पण ज्याचा आवाजच ऐकू येत नाही तो प्राणी ऐकून कसा उडतो, हे कोडं अमेरिकेतल्या डोनाल्ड ग्रिफिन आणि रॉबर्ट गॅलाम्बोस यांनी १९४०च्या सुमारास सोडवलं, तेही माणसाला न ऐकू येणारे ध्वनी टिपणारं यंत्र हाती आल्यावरच.

सगळ्या वटवाघळांचा आवाज सारखा नसतो. सह्याद्रीच्या गुहांत सर्रास भेटणारं एक वटवाघूळ घ्या, ज्याच्या नाकावर घोड्याच्या नालेच्या आकाराची कातडीची घडी असते. त्याचा स्वर साधारण ८० किलोहर्ट्झचा. माणसाचा कान जेमतेम २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो. म्हणजे हा स्वर आपल्या ऐकण्याच्या हद्दीच्या चौपट वर. एवढ्या उंच स्वराची लहर अवघ्या चार मिलिमीटरची असते, त्यामुळे बारीक चिलटाचाही प्रतिध्वनी त्यातून मिळतो. पण उंच स्वर हवेत लवकर विरतो, काही मीटरांपलीकडे पोचत नाही. रॉटनचं वटवाघूळ याच्या नेमकं उलट. त्याचा स्वर १५ किलोहर्ट्झच्या आसपास, लहर दोन सेंटिमीटरहून थोडी मोठी. बारके किडे अशा लहरीला दिसतच नाहीत, पण ती लांबवर जाते. वेगानं उडणाऱ्याला लांबचं आधी कळणं भाग असतं, आणि पोट भरायला मोठे पतंग मिळाले की चिलटांवाचून काही अडत नाही. इथं आणखी एक गंमत आहे. अनेक पतंगांना कान असतात, आणि ते वटवाघळांच्या नेहमीच्या २० ते ६० किलोहर्ट्झच्या पट्ट्यासाठी जुळवलेले असतात. त्याखाली बोलणारा शिकारी त्यांना उशिरा ऐकू येतो, असं बरेच अभ्यासक मानतात.

आपल्यासाठी याचा अर्थ असा, की रॉटनचं वटवाघूळ डोक्यावरून गेलं तर तरुण कानांना ते ऐकू येऊ शकतं. एक बारीक, धातूवर धातू आपटावा तशी टिकटिक. कादंबरी देशपांडे आणि नचिकेत केळकर या संशोधकांनी या आवाजाच्या नोंदी घेऊन, भारतातल्या मुक्तपुच्छ वटवाघळांना स्वरावरून कसं ओळखावं, याचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध केला. मला हे काम फार मोलाचं वाटतं. गुहेत शिरून, जाळी लावून, प्राणी हातात धरून ओळखण्याऐवजी बाहेर उभं राहून ऐकायचं. त्यांच्या निजेला धक्का न लावता त्यांची हजेरी घ्यायची.

आवाजावरून किती बारीक भेद कळतो, याचं एक उदाहरण याच घाटातलं आहे. नालनाकाच्या ज्या वटवाघळाचा उल्लेख वर केला, त्यातले काही ८० किलोहर्ट्झवर बोलतात आणि काही ९० च्या वर. दिसायला जवळपास सारखेच. शास्त्रज्ञांनी जनुकं तपासली, तेव्हा निघाल्या दोन वेगळ्या जाती. दुसरीला २०१२ साली नवं नाव मिळालं. शंभराहून अधिक वर्षं आपण दोघांना एक समजत होतो. ते एकमेकांना मात्र आवाजावरून नीट ओळखत असणार.

जगात वटवाघळांच्या १,४०० हून अधिक जाती आहेत. म्हणजे सस्तन प्राण्यांच्या दर पाच जातींतली एक. भारतात त्यांच्या सुमारे १३० जाती आढळतात. एवढ्या साऱ्या जाती एकाच मुलखात एकमेकांच्या पायात पाय न घालता कशा नांदतात? याचं अर्धं उत्तर त्यांच्या पंखांत आणि आवाजांत आहे. प्रत्येक जण हवेतली वेगळी उंची आणि वेगळं भक्ष्य धरून असतो. उरलेलं अर्धं उत्तर त्यांच्या बिऱ्हाडात आहे.

सह्याद्रीतली एखादी मोठी गुहा जुन्या वाड्यासारखी असते. ओसरीवर, म्हणजे तोंडाशी, जिथं दिवसाचा उजेड येतो, तिथं थडगी-वटवाघळं राहतात. नाव भीतिदायक आहे, पण त्याचं कारण एवढंच, की युरोपीय शास्त्रज्ञांना ही वटवाघळं प्रथम इजिप्तच्या प्राचीन थडग्यांत सापडली. ती अधांतरी लटकत नाहीत. चारही पायांनी भिंतीला चिकटून बसतात आणि चाहूल लागली की खेकड्यासारखी सरकत फटीत शिरतात. बारापेडेभोवतालच्या भीमगडच्या रानात यांपैकी थिओबाल्डचं वटवाघूळ आहे, आणि तेही फार थोड्या ठिकाणी दिसणाऱ्यांतलं. आत माजघरात, अंधुक उजेडात, गुहेत राहणारी फळखाऊ वटवाघळं शेकड्यांनी आणि हजारांनी एकत्र राहतात. फळखाऊ वटवाघळं सहसा डोळ्यांनी आणि नाकानं वाट काढतात, पण गुहेतल्या या जातीनं जिभेनं टचटच आवाज काढून प्रतिध्वनी ऐकायची आपली स्वतंत्र युक्ती शोधली आहे. त्याहून आत, पूर्ण काळोखात, नालनाके आणि नाकावर पानासारखी घडी असलेले पाननाके अंगाभोवती पंख लपेटून, एकमेकांत वीतभर अंतर राखून लटकतात. लांब बोटांची वटवाघळं मात्र अंगाला अंग भिडवून, छतावर गोधडी शिवल्यासारखी दाटीनं बसतात.

त्या दाटीला कारण आहे. खोल गुहेत उन्हाळा-हिवाळा फारसा पोचत नाही. तिथलं तापमान त्या परिसराच्या वर्षभराच्या सरासरीच्या आसपास राहतं आणि हवा ओलसर असते. पंखांच्या उघड्या कातडीतून पाणी उडून जाऊ नये म्हणून ओल हवी. पण नुकत्या जन्मलेल्या, केस न फुटलेल्या पिल्लाला ऊब हवी. छतातल्या घुमटीसारख्या खळग्यांत गरम हवा अडकून राहते, त्यात शंभर-दोनशे माद्या दाटीवाटीनं बसल्या की तेवढीच जागा आणखी उबदार होते. बाळंतिणीची खोलीच ती. म्हणून गुहेची लांबी-रुंदी मोजून तिची किंमत कळत नाही. भल्यामोठ्या गुहेतला हातभर खळगा हा तिचा जीव असू शकतो. माणसं मशाली, टॉर्च घेऊन, आरडाओरडा करत त्याच्याखाली गेली, की माद्या उडतात, पिल्लं खाली पडतात. खाली पडलेलं पिल्लू बहुधा वाचत नाही.

आणि वटवाघळांकडे उंदरांसारखी भरपाईची सोय नसते. बहुतेक जातींत मादीला वर्षाला एक पिल्लू होतं. उंदराएवढा जीव, पण आयुष्याचा हिशेब हत्तीसारखा. सैबेरियात जेमतेम सात ग्रॅम वजनाचं एक वटवाघूळ खूण केल्यानंतर ४१ वर्षांनी जिवंत सापडलं होतं. अशा सावकाश चालणाऱ्या संसारात एका वर्षाची पिल्लं गेली, तर ते खिंडार भरायला वर्षानुवर्षं लागतात.

गुहा हा झाला एक प्रकार. रानातल्या बाकीच्या बिऱ्हाडांकडे आपलं लक्षही जात नाही. केळीच्या सुकून लोंबणाऱ्या पानाच्या सुरळीत एक नारिंगी-काळं वटवाघूळ निजतं. पंखांवर बोटांच्या रेषेनं भगवा रंग, मधल्या पडद्यात काळा. हातात घेतलं तर फुलपाखरू वाटेल, पण वाळक्या पानात ते दिसतच नाही. बागायतदार सुकलेली पानं काढतो तेव्हा त्याचं घर मोडतं, आणि त्याला ते कळतही नाही. भेरली माडाच्या, ज्याला सुरमाड म्हणतात, लोंबत्या तुऱ्यांत आखूड नाकाचा फळखाऊ नर आतल्या दांड्या कुरतडून खोली करतो. कधी वेलींच्या जाळ्यात, कधी रस्त्याकडेच्या खोट्या अशोकाच्या दाट पालवीत. कित्येक दिवस दातांनी खपून बांधलेला हा तंबू पाहून माद्या येतात, आणि नराचं कुटुंब वसतं. काही बारकी वटवाघळं झाडाच्या सुटलेल्या सालीखाली राहतात, काही कौलांच्या फटीत, काही विहिरीच्या कपारीत. मोठी वटवाघळं, पंख पसरले की चार फुटांपुढे जाणारी, गावाच्या वेशीवरच्या वड-पिंपळावर किंवा चिंचेवर उघड्यावरच लटकतात. एकच झाड पिढ्यान्‌पिढ्या.

बेडूक, पाली, उंदीर खाणारं एक मोठ्या कानाचं वटवाघूळ आहे, त्याची तर दोन घरं असतात. दिवसा ते जुन्या देवळाच्या गाभाऱ्यामागे किंवा भुयारात राहतं. रात्री शिकार तोंडात धरून ठरलेल्या आडोशाला येतं, एखाद्या पडवीत किंवा पुलाखाली, आणि तिथं लटकून जेवतं. सकाळी खाली नाकतोड्यांचे पाय आणि पतंगांचे पंख विखुरलेले दिसले, तर ती त्याची खानावळ समजावी. हे वटवाघूळ पालापाचोळ्यातल्या किड्याच्या चालण्याची खसखस नुसती कानांनी ऐकून झडप घालतं.

आता मूळ मुद्दा. भीमगड अभयारण्य २०११ च्या डिसेंबरात घोषित झालं. क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर. बारापेडे गुहा त्याच रानात आहे, हे फार चांगलं झालं. त्याला लागून गोव्यात म्हादई अभयारण्य आहे, १९९९ पासूनचं, सुमारे २०८ चौरस किलोमीटरचं. महाराष्ट्रात थोडं उत्तरेला तिलारी संवर्धन राखीव क्षेत्र २०२० मध्ये झालं, तेही साडेएकोणतीस चौरस किलोमीटरचं. तीन राज्यांच्या हद्दी जिथं मिळतात, तिथं नकाशावर हिरवे तुकडे एकमेकांशेजारी आहेत. पण वटवाघळाचा दिवस आणि रात्र दोन वेगळ्या गावांत जातात. वाघाला, गव्याला निजायला आणि चरायला एकच रान पुरतं. वटवाघूळ एका ठिकाणी निजतं आणि दुसरीकडे चरायला जातं. मोठी फळखाऊ वटवाघळं एका रात्रीत कितीतरी किलोमीटर उडतात. अभयारण्यात फुललेल्या झाडावर मध प्यायला आलेल्या वटवाघळाचं घर बाहेरच्या एखाद्या गावच्या वडावर असतं, आणि अभयारण्यातल्या गुहेत दिवस काढणारा जीव रात्री बाहेरच्या भातशेतीवरचे किडे टिपत असतो. सीमारेषेच्या आतलं रान कितीही जपलं, तरी बाहेरचा वड पडला की आतल्या झाडावर रात्री पाहुणा यायचा बंद होतो.

आणि त्या पाहुण्यावाचून झाडाचं अडतं. दशमुळातला टेटू घ्या. त्याची जाडजूड, उग्र वासाची फुलं रात्री उमलतात आणि सकाळी झाडाखाली पडलेली असतात. मधमाशीसाठी ती नाहीतच. ती वटवाघळासाठी आहेत. मोहाच्या फुलांवरही वटवाघळं येतात. वड, उंबर, जांभूळ, उंडी, देशी बदाम यांच्या बिया ती दूर नेऊन टाकतात. पक्षी बसल्या फांदीवर शिटतो. वटवाघूळ उडता उडता, उघड्या माळावरही बी टाकतं. तुटलेल्या रानाला पुन्हा झाडं फुटायची असतील, तर हेच बी कामी येतं.

लहानपणी आमच्याकडे सांगत, वटवाघूळ तोंडानं खातं आणि तोंडानंच हगतं. अनेक गावांत हे आजही सांगतात. त्यामागचं निरीक्षण खरं आहे, अर्थ तेवढा चुकला. फळखाऊ वटवाघूळ फळाचा घास टाळूवर दाबून रस पितं आणि चोथा तोंडातून थुंकतं. सकाळी अंगणात पडलेल्या त्या सुक्या गोळ्या पाहून कुणी जुन्या माणसानं तर्क केला असणार. (शौचाला वटवाघूळ चक्क उलटं होतं, म्हणजे आपल्या दृष्टीनं सुलटं, अंगठ्याच्या नख्यांनी लोंबकळून अंग स्वच्छ राखतं.) सुपारीच्या आणि काजूच्या बागा असलेल्या भागांत दुसरी एक गोष्ट ठाऊक असते: वटवाघूळ काजूचं बोंड खातं आणि बी टाकतं, सुपारीची साल चोखतं आणि सुपारी टाकतं. त्यांच्या झाडाखालून बायका-मुलं पहाटे त्या वेचून आणतात. वटवाघळामुळे नुकसान किती आणि ही वेचणी किती, हा हिशेब शेतकऱ्यानंच करावा, पण हिशेबाला दुसरी बाजू आहे एवढं तरी त्यात धरलं जावं. किडे खाणारी वटवाघळं तर फुकटात राबतात. एका रात्रीत स्वतःच्या वजनाच्या निम्म्याइतके किडे खाणं हे पिल्लाला पाजणाऱ्या मादीच्या दृष्टीनं नेहमीचं जेवण.

कायद्यानं मात्र या प्राण्याला बराच काळ वाळीत टाकलं होतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळखाऊ वटवाघळं उंदीर आणि कावळ्यांच्या पंगतीला, उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत होती. मारायला कुणाची परवानगी लागत नसे. पुढे दोन जातींना पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या रांगेत जागा मिळाली: एक आपलं रॉटनचं, आणि दुसरं डॉ. सालीम अलींच्या नावाचं फळखाऊ. या दुसऱ्याची कथाही सांगण्यासारखी. १९४८ साली तमिळनाडूच्या डोंगरात मिळालेला त्याचा नमुना चुकीच्या नावानं मुंबईच्या त्याच सोसायटीच्या कपाटात पडून होता. थायलंडच्या कित्ती थोंगलोंग्या यांनी तो नीट पाहिला आणि १९७२ मध्ये सांगितलं, की ही नुसती नवी जात नाही, नवा वंशच (जीनस) आहे. बाकीच्या फळखाऊंवरचा उपद्रवीपणाचा शिक्का २०२२ च्या दुरुस्तीनं ती पाचवी अनुसूचीच काढून टाकली, तेव्हा पुसला गेला. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. पन्नास वर्षं लागली.

कायदा बदलला तरी भीती राहिली, आणि २०२० नंतर ती वाढली. ती भीती खोटी ठरवून मोकळं होता येणार नाही. निपाह विषाणू फळखाऊ वटवाघळांत असतो. केरळात कोळिकोड परिसरात २०१८ च्या साथीत १७ माणसं दगावली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला महाबळेश्वरच्या एका गुहेतून २०२० साली घेतलेल्या वटवाघळांच्या नमुन्यांत निपाहच्या संसर्गाच्या खुणा मिळाल्या. अर्धवट कुरतडलेलं फळ खाऊ नये, खाली पडलेल्या वटवाघळाला उघड्या हातानं शिवू नये, त्यांच्या गुहेत उगाच शिरू नये, हे नियम म्हणूनच पाळायचे. पण झाड तोडून, धूर करून त्यांना हुसकावणं हा उपाय उलटा पडतो. ऑस्ट्रेलियात हेंड्रा या निपाहच्या भाऊबंद विषाणूच्या पंचवीस वर्षांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा २०२२ मध्ये असं दिसून आलं, की रान तुटलं आणि हिवाळ्यातला फुलोरा आटला, तेव्हा भुकेली वटवाघळं शेतावाड्यांवर आली, आणि विषाणू घोड्यांपर्यंत पोचला तो त्याच काळात. ज्या वर्षी रानात भरपूर फुललं, त्या वर्षी वटवाघळं रानातच राहिली. भरल्या पोटाचं, स्वस्थ निजलेलं वटवाघूळ आपल्यापासून लांब राहतं.

म्हणून मला रानापेक्षा गावाची काळजी जास्त वाटते. बारापेडेवर आता अभ्यासकांची आणि वनखात्याची नजर आहे. कर्नाटकातच कोलार जिल्ह्यात हनुमनहळ्ळीजवळ एका पाननाक्या जातीची जगातली एकुलती एक ज्ञात गुहा दगडखाणींच्या तोंडातून वाचवून तिथलं सुमारे तीस एकर क्षेत्र खास त्या वटवाघळासाठी राखीव केलं गेलं. हे होऊ शकतं. पण देवळाचा जीर्णोद्धार निघतो, तेव्हा सागवानी तुळयांच्या पोकळीतल्या बिऱ्हाडाची नोंद कोण करतं? बारवा स्वच्छ होतात, ते चांगलंच होतं. कपारी सिमेंटनं लिंपल्या जातात, तेव्हा आत कुणी आहे का, हे आधी पाहिलं जात नाही. किल्ल्यावरच्या कोठाराला प्रकाशझोत लागतात. रस्ता रुंद होतो आणि वेशीवरचा वड जातो.

गेल्या उन्हाळ्यात खानापूरकडच्या एका खेड्यात मी अशाच एका देवळात होतो. सभामंडपाला नवं छत घालायचं ठरलं होतं, आणि जुन्या तुळयांच्या मागे बारकी वटवाघळं होती. गावातले एक काका म्हणाले, ‘‘घाण करतात हो. पण आमच्या आज्यापासून आहेत.’’ काम करणाऱ्या सुताराला त्यांनी विचारलं, एका कोपऱ्यात वीतभर फट राहिली तर चालेल का. तो म्हणाला, चालेल, पण पावसाळा संपल्यावर काम काढा, आता यांची पिल्लं असतील. ते त्याला कुठून ठाऊक होतं, कोण जाणे. कामाची तारीख दिवाळीपुढे गेली.

संध्याकाळी आम्ही दीपमाळेपाशी उभे राहिलो. सात वाजून गेले होते, पश्चिमेला अजून तांबूस होतं. काकांची नात मोजायला बसली होती. पहिलं वाघूळ फटीतून बाहेर आलं, फेरी मारून परत आत गेलं. मग एकेक करत, मग जोडीनं, मग ओंजळीतून धान्य सांडावं तशी ती सुटू लागली आणि थेट रानाच्या दिशेनं गेली. चाळिसाच्या पुढे पोरीचा हिशेब चुकला. ‘‘थांबा ना जरा,’’ असं त्यांना म्हणत तिनं पुन्हा एकपासून सुरुवात केली.